मांजराच्या निराधार पिल्लांचे घरगुती संगोपन

मांजराच्या निराधार पिल्लांचे घरगुती संगोपन म्हणजे आईपासून दुरावलेल्या, टाकून दिलेल्या किंवा जखमी अवस्थेत सापडलेल्या मांजराच्या पिल्लांना एखाद्या कुटुंबाने आपल्या घरी काही काळ सांभाळणे आणि ती स्वतः खाऊ-पिऊ लागल्यावर त्यांना कायमचे घर मिळवून देणे होय. यातील पहिल्या टप्प्याला तात्पुरते पालकत्व (बोलीत 'फॉस्टर') आणि दुसऱ्या टप्प्याला दत्तक देणे किंवा घेणे असे म्हणतात. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत या कामासाठी प्राणिसंस्था व प्राण्यांची रुग्णालये आहेत. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात हे काम मुख्यतः घराघरांतून होते. त्यामुळे पिल्लू उचलावे की नाही, उचलल्यास पहिल्या काही तासांत काय करावे आणि पुढे ते कोणाकडे द्यावे, हे निर्णय बहुतेक वेळा सामान्य माणसालाच घ्यावे लागतात. पिल्लाचे जगणे बऱ्याच अंशी या निर्णयांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

मांजर (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) हा माणसाच्या वस्तीत धान्याच्या आणि उंदरांच्या निमित्ताने आलेला प्राणी मानला जातो. मराठवाड्यातील शेतकरी घरांत कणगी, बळद आणि कडब्याच्या गंजीभोवती मांजराचा वावर पूर्वापार आहे. त्याला खास विकत आणले जात नसे. ते घराचे म्हणून राहत असे, पण त्याच्या पिल्लांची जबाबदारी कोणावर नसे. मराठीत नर मांजराला बोका, मादीला भाटी आणि लाडाने मनी किंवा मनीमाऊ म्हणतात.

भाटीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. एका वेळी बहुधा ३ ते ५ पिल्ले होतात. मादी चार ते सहा महिन्यांच्या वयातच गाभण राहू शकते आणि वर्षातून दोन किंवा तीन वेळा विऊ शकते. मोठ्या दिवसांच्या काळात मांजरी अधिक प्रमाणात माजावर येतात. त्यामुळे उन्हाळा व पावसाळ्यात पिल्ले जास्त आढळतात. मात्र उष्ण प्रदेशात ती वर्षभर जन्मू शकतात. गोठा, माळवदाचा कोपरा, कापसाचे गोदाम, बंद घर, जिन्याखालची जागा आणि उभ्या वाहनाचे इंजिन या पिल्ले सापडण्याच्या नेहमीच्या जागा आहेत.

लोकसमजुती

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. सात हा आकडा लोककल्पनेतला असला, तरी तिच्यामागे खरे निरीक्षण आहे. माणसांची वर्दळ, बोक्याची भीती, मुंग्या, वास किंवा ऊन यांमुळे भाटी पिल्लांची जागा वारंवार बदलते. ती एका वेळी एकच पिल्लू मानेच्या कातडीला धरून नेते. स्थलांतराच्या मधल्या वेळेत एखादे पिल्लू एकटे पडलेले दिसते आणि ते टाकून दिले आहे असा पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. आईने पिल्लू असे उचलून नेण्यावरूनच वैष्णव वेदान्तात 'मार्जारकिशोर न्याय' हा दृष्टान्त रूढ झाला. पिल्लू स्वतः काही न करता आईच्या स्वाधीन होते, तसा भक्त ईश्वराच्या स्वाधीन होतो, असा त्याचा आशय आहे.

मांजर आडवे गेल्यास अपशकुन होतो, हा समज आजही प्रचलित असून काळ्या पिल्लांना घर मिळण्यात त्याचा अडथळा होतो. याउलट, मांजर मारल्यास सोन्याचे मांजर दान करावे लागते, या समजुतीने मांजराला काही प्रमाणात संरक्षणही दिले. माणसाचा हात लागला की भाटी पिल्लाला टाकते, हा समज मात्र खरा नाही. हाताळलेले पिल्लू ती सहसा परत स्वीकारते.

पिल्लू उचलण्यापूर्वी

चार आठवड्यांखालील पिल्लासाठी आईच्या दुधाला आणि उबेला पूर्ण पर्याय नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात मिळणाऱ्या चिकातून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. नंतर आतड्यातून ती रक्तात शोषली जात नाहीत. म्हणून निरोगी पिल्लू आईपासून तोडणे हे, हेतू कितीही चांगला असला, तरी त्याच्या हिताचे नसते.

पोट भरलेली, उबदार आणि शांत झोपलेली पिल्ले बहुधा अनाथ नसतात. त्यांची आई भक्ष्याच्या शोधात गेलेली असते. अशा वेळी दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. जवळ माणूस असेल तर भाटी परत येण्याचे टाळते. सतत लक्ष ठेवणे शक्य नसल्यास पिल्लांभोवती जमिनीवर ज्वारीच्या किंवा इतर पिठाचे पातळ कडे टाकतात. पिठात पावलांचे ठसे उमटले, तर कोणते तरी मांजर येऊन गेल्याचे कळते.

पिल्ले ताबडतोब उचलावी लागतील अशा परिस्थिती पुढीलप्रमाणे आहेत:

- पिल्लाचे अंग गार पडले आहे, ते सतत ओरडत आहे किंवा हालचाल करीत नाही.
- अंगावर जखम, अळ्या किंवा मुंग्या आहेत.
- आई मृत आढळली आहे.
- जागा रस्त्यावर, भर उन्हात, पाण्याच्या वाटेत किंवा कुत्र्यांच्या टप्प्यात आहे.
- पिल्ले पोत्यात किंवा खोक्यात बांधून टाकलेली आहेत.

धोका केवळ जागेचा असेल, तर पिल्ले जवळच्याच सुरक्षित आडोशाला ठेवल्यास आई त्यांना शोधून काढते. आई माणसाळलेली असल्यास आईसह सर्व पिल्ले घरी आणणे हा सर्वांत चांगला मार्ग ठरतो.

रानमांजराची पिल्ले

परभणी जिल्ह्यात गोदावरी, दुधना व पूर्णा या नद्यांच्या परिसरात आणि जायकवाडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात उसाची लागवड होते. ऊसतोडणीच्या वेळी फडात सापडणारी पिल्ले घरच्या मांजराचीच असतील असे नाही. रानमांजर उसासारख्या दाट पिकातही पिल्ले घालते. त्याच्या पिल्लांचे पाय लांब, कान मोठे व टोकदार आणि शेपूट तुलनेने आखूड असते. अंगावर पुसट पट्टे असतात. महाराष्ट्रात आढळणारी वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक असून तिच्या अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर पांढऱ्या रेषा असतात. उदमांजर नावाने मांजर असले तरी ते मार्जार कुळातले नाही.

या प्राण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे आणि त्यांची पिल्ले घरी पाळणे हा गुन्हा आहे. शंका असल्यास तोडणी त्या भागात थांबवून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले जागेवरच ठेवल्यास आई बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.

वय ओळखणे

आहार, ऊब आणि औषध हे तिन्ही वयावर अवलंबून असल्यामुळे पिल्लू घरी आणल्यावर प्रथम त्याचे वय ठरवतात.

- पहिला आठवडा: डोळे मिटलेले, कान दुमडलेले, सुरुवातीच्या काही दिवसांत नाळेचा वाळलेला तुकडा दिसतो. जन्मवजन साधारण ९० ते ११० ग्रॅम.
- दुसरा आठवडा: डोळे हळूहळू उघडतात. सर्व पिल्लांचे डोळे या वयात निळसर असतात.
- तिसरा आठवडा: कान उभे राहतात, पुढचे दुधाचे दात दिसू लागतात, पिल्लू अडखळत चालते.
- चौथा आठवडा: चाल स्थिर होते, खेळ सुरू होतो, मातीत शौच करण्याची प्रवृत्ती दिसते.
- पाचवा ते आठवा आठवडा: मऊ अन्न खाते, डोळ्यांचा कायमचा रंग येऊ लागतो. आठव्या आठवड्यात वजन साधारण ७०० ते ९०० ग्रॅम होते.

निरोगी पिल्लाचे वजन रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते. स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करून ते लिहून ठेवणे, ही आजार लवकर ओळखण्याची सोपी पद्धत आहे. वजन एक दिवस वाढले नाही तर लक्ष ठेवावे लागते. घटले तर पशुवैद्यकाकडे न्यावे लागते.

संगोपन

ऊब

नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतालचे तापमान सुमारे २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावे लागते; पुढे ते हळूहळू कमी करता येते. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड अंथरून एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवतात. दुसरी बाजू मोकळी ठेवतात, म्हणजे गरम झाल्यास पिल्लाला बाजूला सरकता येते.

गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजणे ही जीवघेणी चूक ठरू शकते. थंड शरीरात पचनक्रिया मंदावलेली असते. दूध पोटात तसेच राहते किंवा श्वासनलिकेत जाते. म्हणून प्रथम पिल्लाला अंगाशी धरून हळूहळू ऊब देतात आणि ते हालचाल करू लागल्यावरच पाजतात.

परभणीच्या हवामानात दोन्ही टोके सांभाळावी लागतात. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते, तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांवर जाते. उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या खोक्यात पिल्लू उष्माघाताने दगावू शकते. त्यामुळे खोके जमिनीलगत, सावलीच्या खोलीत ठेवतात. मात्र कूलरचा थेट झोत त्यावर येऊ देत नाहीत.

आहार

पिल्लाला गाईचे किंवा म्हशीचे दूध पाजणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. गाईच्या दुधात सुमारे ३ ते ३.५ टक्के प्रथिने असतात. मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून अधिक असतात. गाईच्या दुधाने पिल्लाची वाढ खुंटते, जुलाब होतात आणि शरीरातील पाणी कमी होऊन ते दगावू शकते. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध भुकटी पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. ती मिळेपर्यंत काय द्यावे, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवणे योग्य.

पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीही, दूध द्यावे लागते. दुसऱ्या आठवड्यात हे अंतर तीन ते चार तासांवर नेता येते. एका वेळी वजनाच्या १०० ग्रॅमला साधारण ४ मिलिलिटर दूध पुरते. पिल्लाला पोटावर, म्हणजे आईजवळ पिताना असते त्याच स्थितीत ठेवून लहान बाटलीने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने थेंबथेंब पाजतात. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते.

सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लू स्वतःहून मलमूत्र विसर्जन करू शकत नाही. आई चाटून जे काम करते, ते कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने प्रत्येक वेळी पाजल्यानंतर करावे लागते. हे न केल्यास पिल्लाचे पोट फुगते.

चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करतात. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला प्राणिज अन्नातून घ्यावे लागते. त्याच्या अभावी डोळ्यांचे व हृदयाचे विकार होतात. त्यामुळे केवळ दूध-पोळी किंवा दूध-भातावर पिल्लाची नीट वाढ होत नाही. बिनमसाल्याचे शिजवलेले चिकन, मासे, अंडे किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य दिले जाते. शाकाहारी कुटुंबांत तयार खाद्याचा पर्याय सोयीचा ठरतो. कांदा, लसूण व चॉकलेट मांजराला विषारी असतात.

आरोग्य

नव्याने आणलेले पिल्लू घरातील इतर मांजरांपासून किमान दोन आठवडे वेगळे ठेवतात. मांजरांमधील सर्वांत घातक साथींपैकी एक म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. या विषाणूजन्य रोगात ताप, उलट्या, जुलाब होतात आणि लस न झालेली पिल्ले थोड्याच दिवसांत दगावतात. हा विषाणू जमिनीवर व वस्तूंवर वर्षभरापर्यंत टिकू शकतो. म्हणून ज्या घरात असा मृत्यू झाला आहे, तेथे लस न दिलेले दुसरे पिल्लू आणू नये.

लसीकरण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि १६ आठवड्यांपर्यंत दर ३ ते ४ आठवड्यांनी मात्रा दिल्या जातात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. जंतांचे औषध त्याआधीच, पिल्लाच्या वजनानुसार, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करतात.

माणसांची औषधे मांजराला देणे धोक्याचे असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरील पर्मेथ्रिनयुक्त औषधेही मांजराला विषारी आहेत. लहान पिल्लांच्या पिसवा बारीक दातांच्या फणीने काढणे सुरक्षित असते.

माणसांच्या आरोग्याची काळजी

मांजराच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातून रेबीज होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पिल्लू लहान आहे किंवा घरचे आहे म्हणून चावा दुर्लक्षित करू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज प्रतिबंधक लस शासकीय रुग्णालयांत उपलब्ध असते. प्राण्यावर १० दिवस लक्ष ठेवले जाते, पण त्याचा निकाल कळेपर्यंत उपचार थांबवत नाहीत. जखमेवर हळद, चुना किंवा मिरची लावणे घातक आहे.

पिल्लांपासून माणसांना गजकर्णासारखा बुरशीजन्य त्वचारोग होऊ शकतो. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मोसिस हा रोग गर्भातील बाळाला अपायकारक ठरू शकतो. म्हणून गर्भवतींनी विष्ठेची माती साफ करू नये. ती माती रोज बदलल्यास धोका बराच कमी होतो. ही काळजी घेतल्यास गर्भारपणात मांजर घरातून काढून टाकण्याची गरज नसते.

दत्तक देणे

पिल्लू किमान आठ आठवड्यांचे, स्वतः खाणारे आणि आजारमुक्त झाल्यावर ते दत्तक दिले जाते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या काळात पिल्लाला माणसांची सवय सर्वांत सहज लागते. त्यामुळे तात्पुरत्या घरात मिळालेली हाताळणी पुढे दत्तक घर टिकण्यास उपयोगी पडते.

दत्तक हा शब्द येथे लौकिक अर्थाने वापरला जातो. प्राण्यांच्या बाबतीत दत्तकविधानाची कायदेशीर प्रक्रिया नाही. तरीही अनेक कार्यकर्ते घेणाऱ्याकडून साधे हमीपत्र लिहून घेतात. त्यात लसीकरण, निर्बीजीकरण, पिल्लू परस्पर दुसऱ्याला न देणे आणि सांभाळणे अशक्य झाल्यास परत करणे, हे मुद्दे असतात. घरातील सर्वांची संमती, भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी, वरच्या मजल्यावर खिडक्यांना जाळी आणि गावी जाताना मांजर कोण सांभाळणार, याची चौकशी आधी केली जाते. केवळ उंदीर मारण्यासाठी पिल्लू मागणाऱ्यांना, खाऊ घातलेले मांजरही उंदीर धरते, हे सांगावे लागते. एकाच वेतातील दोन पिल्ले एकत्र दिल्यास ती एकमेकांशी खेळतात आणि नव्या घरात लवकर रुळतात.

नव्या घरी पिल्लाला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवतात. ते सुरुवातीला कपाटाखाली लपून बसते आणि कमी खाते. त्याला ओढून बाहेर काढू नये. पूर्ण दिवस अन्न न घेतल्यास मात्र पशुवैद्यकाकडे न्यावे.

निर्बीजीकरण

संगोपन आणि दत्तक यांमुळे हाती आलेली पिल्ले वाचतात, पण निराधार पिल्लांची संख्या निर्बीजीकरणानेच घटते. दत्तक दिलेली एक भाटी वर्षभरात दोन वेळा व्याली, तर वाचवलेल्या एका पिल्लाऐवजी सहा ते दहा नवी पिल्ले घराच्या शोधात येतात. शस्त्रक्रिया साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात केली जाते. भाटीला एकदा पिल्ले होऊ द्यावीत या समजाला वैद्यकीय आधार नाही. मुंबई महानगरपालिकेने भटक्या कुत्र्यांबरोबर मांजरांचेही निर्बीजीकरण हाती घेतले आहे.

परभणी जिल्ह्यातील सुविधा

परभणी येथे पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय असून त्याची स्थापना १९७२ साली झाली. ते पूर्वी मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संलग्न होते. २००० साली स्थापन झालेल्या, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते आता घटक महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या नऊ तालुक्यांत पशुसंवर्धन विभागाची व जिल्हा परिषदेची दवाखाने-व्यवस्था आहे. ती प्रामुख्याने गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांच्यासाठी उभारलेली असल्याने मांजराची लस किंवा शस्त्रक्रिया उपलब्ध आहे का, याची आधी चौकशी करणे सोयीचे ठरते.

कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० मधील कलम ३ नुसार प्राणी ताब्यात असणाऱ्याने त्याच्या कल्याणाची काळजी घेणे बंधनकारक आहे. कलम ११ नुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. म्हणजे पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडणे कायद्याने निषिद्ध आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपयेच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असावी, अशी तरतूद २००१ च्या केंद्रीय नियमांत आहे. महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील अशी संस्था १८७४ साली स्थापन झाली आणि परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय तिच्याच पुढाकाराने उभे राहिले.

हे सुद्धा पहा

- मांजर
- रानमांजर
- वाघाटी
- रेबीज
- परभणी जिल्हा
- महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ